पीएचडीची पाच वर्षं : बेंचवरचं काम शिकवतो, बाकीचं कोण शिकवणार?

वैदेही_ल

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या लॅबमधली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) देण्याच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, थिसिस होईल. पण नंतर मी काय करू?" पाच वर्षं आम्ही जवळपास रोज भेटत होतो. तिचे ब्लॉट (नमुन्यातली प्रथिनं दाखवणाऱ्या पट्ट्यांची चित्रं), तिच्या पेशी, तिच्या पेपरवरचे रिव्ह्यूअरचे आक्षेप, या सगळ्यावर तासन् तास बोललो होतो. हा एक प्रश्न मात्र मी तिला कधीच विचारला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

मी पुण्यात कर्करोगाच्या पेशींवर काम करते. सध्या चार मुलं माझ्याकडे पीएचडी करताहेत. माझी स्वतःची पीएचडी वेगळ्या संस्थेत झाली, तिचं नाव इथे नको. तिथला एक प्रसंग सांगते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यातच आहे.

चौथ्या वर्षीचं प्रेझेंटेशन होतं. बाहेरून आलेल्या एका सरांनी माझ्या आलेखाकडे बोट दाखवून विचारलं, "एन किती?" (एन म्हणजे नमुन्यांची संख्या.) मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, "तीन काय?" मला प्रश्नच कळला नाही. एका फ्लास्कमधल्या पेशी मी एकाच दिवशी एका प्लेटच्या तीन खळग्यांत टाकल्या होत्या, औषध दिलं होतं आणि तीन आकडे मिळवले होते. सर शांतपणे म्हणाले, "हा एन एक आहे. एकच प्रयोग तुम्ही तीनदा मोजलात." तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (म्हणजे वेगवेगळ्या वेळी नव्या भांड्यात वाढवलेल्या) पेशी घेऊन, नव्याने औषध विरघळवून केलं असतं तर ते तीन झाले असते. उंदरांचंही तसंच. औषध गाभण मादीला दिलं आणि पिल्लं सहा झाली, तरी एन सहा होत नाही. एकक ती मादी असते.

मी स्टॅटिस्टिक्सची परीक्षा उत्तम गुणांनी पास झाले होते. टी-टेस्टचं सूत्र पाठ होतं. "तुझ्या प्रयोगात एकक कोणतं?" हे मात्र चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारणं कुणाच्याच वाट्याला आलेलं काम नव्हतं. गाइडना वाटलं कोर्सवर्कमध्ये झालं असेल, कोर्सवर्कवाल्यांना वाटलं लॅबमध्ये शिकेल, आणि लॅबमधल्या सीनियरला तरी कुणी शिकवलं होतं? तोही माझ्यासारखाच तीन खळगे मोजत होता.

याची किंमत फक्त त्या विद्यार्थ्याला मोजावी लागत नाही. २०१२ साली अ‍ॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष त्यांनी स्वतः पडताळून पाहिले, तेव्हा फक्त ६ खरे ठरले. असल्या निष्कर्षांवर पुढे औषधं उभी राहतात आणि त्या औषधांची वाट बघत टाटाच्या ओपीडीबाहेर माणसं बसलेली असतात.

गेल्या दोन वर्षांपासून मी काही गोष्टी बदलल्यात. पहिल्या सहा महिन्यांत कुणीही एका पानाचा आराखडा लिहिल्याशिवाय पिपेट उचलायचं नाही. प्रश्न काय, एकक काय, कोणता कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना), आणि उत्तर "नाही" आलं तर ते कशावरून ओळखायचं, एवढं त्या पानावर हवं. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपला नाही, शेजारच्याचा डेटा मांडायचा. या दुसऱ्या गोष्टीने खूप फरक पडला. दुसऱ्याचा डेटा मांडताना माणूस बचाव करत नाही, प्रश्न विचारतो.

पण हे झालं विज्ञानाचं. पुढच्या आयुष्याचं काय? प्राध्यापकाच्या किंवा सरकारी संस्थांमधल्या सायंटिस्ट-बीच्या जागा किती निघतात हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या चौघांपैकी एखाद-दुसऱ्यालाच स्वतःची लॅब मिळेल. बाकीच्यांना मी कशासाठी तयार करतेय?

तुमचे अनुभव लिहा. पीएचडीत काय शिकायला मिळालं आणि काय राहून गेलं?

माधवकाका

वैदेहीताई, लेख मनापासून आवडला. एन चा किस्सा प्रत्येक लॅबच्या दारावर लावावा असा आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. मी सरकारी विषाणू प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. पीएचडी म्हणजे एका प्रश्नाशी लग्न. पहिल्या दिवसापासून मुलांच्या डोक्यात नोकरीचे दहा पर्याय भरले तर प्रश्नाशी संसार कधी व्हायचा? आमच्या वेळी गोचिडी गोळा करायला जंगलात जायचो. पांढरं फडकं जमिनीवरून ओढत चालायचं, दर काही पावलांनी उलटं करून त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत टाकायच्या, कुपीवर जागा, तारीख, वेळ. १९५७ मध्ये शिमोग्याकडे माकडं मरायला लागली आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू शोधला, तो याच प्रकारच्या चिकाटीने. ती पिढी आम्हाला शिकवायला होती हे आमचं भाग्य.

माझ्या गाइडनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला. वहीचं पान फाडायचं नाही, चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आज कुणाची वही बघितली की पहिल्या दोन पानांत मला कळतं हा माणूस कसा घडला. हे शिक्षण कार्यशाळेत मिळत नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून मिळतं.

सह्यकडा

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण संसार करायला घरात दाणे लागतात.

मी तिसऱ्या वर्षाला आहे, संस्थेचं नाव देत नाही. जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची सरकारी फेलोशिप) कागदावर महिना ३७,००० रुपये आहे, जानेवारी २०२३ पासून वाढली, दोन वर्षांनी एसआरएफचे (तिच्या पुढच्या टप्प्याचे) ४२,००० होतात. वाढ चांगली आहे, तक्रार नाही. पण माझ्या खात्यात मागच्या वर्षी सात महिने एक रुपया आला नव्हता. नंतर सगळे एकदम आले. सात महिने मी मित्राकडून घेऊन खोलीचं भाडं भरलं. वडील साताऱ्याकडे शेती करतात, त्यांच्याकडे मागायची लाज वाटायची, कारण गावात सगळ्यांना सांगून झालं होतं की पोराला सरकार पगार देतं.

त्या सात महिन्यांत मी प्रयोगच असे निवडले की लवकर संपतील. लांब पल्ल्याचा, जोखमीचा, खरा महत्त्वाचा प्रयोग मी टाळला. हे कुठल्याही अहवालात येणार नाही, पण माझ्या थिसिसची दिशा त्याने बदलली. प्रशिक्षणाबद्दल बोलताना हे पण बोललं पाहिजे.

दुसरं, आमच्याकडे एक अँटिबॉडी यायला चार महिने लागतात. कोटेशन, कमिटी, मंजुरी, मग परदेशातून ड्राय आइसमध्ये येणार. कस्टम्समध्ये बर्फ संपला की गेली. पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं की पुढच्या वर्षाच्या सगळ्या वस्तू आत्ताच मागव, तर माझं एक वर्ष वाचलं असतं. वैदेहीताईंच्या एका पानाच्या आराखड्यात "काय मागवायचं आणि ते कधी पोचेल" ही ओळ पण घाला.

वैदेही_ल

सह्यकडा, ती ओळ उद्यापासून घातली. आणि तुझा दुसरा परिच्छेद मी तीनदा वाचला. माझ्या लॅबमधल्या मुलांना फेलोशिप वेळेवर येते का, हे मी आजवर त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत होते. आता विचारणार आहे.

उत्तरा_सातासमुद्रा

मी बॉस्टनजवळ आहे, पीएचडी इथेच केली, आता एका ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या कमिटीवर काम करते. इथलं सगळं छान आहे असं सांगायला आलेले नाही, पण काही गोष्टी उपयोगी पडतील.

इथे बायोमेडिकलची मुलं बहुतेक ठिकाणी थेट एका गाइडकडे जात नाहीत. पहिल्या वर्षी तीन लॅबमध्ये आठ-दहा आठवड्यांचं रोटेशन करतात आणि मग ठरवतात. पहिल्या एक-दोन वर्षांचा खर्च अनेकदा गाइडच्या ग्रँटमधून येत नाही, प्रोग्रॅमच्या ट्रेनिंग ग्रँटमधून येतो. एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था, तिची टी-३२ नावाची ग्रँट त्यासाठीच आहे, १९७४ च्या कायद्यापासून चालत आलेली. फरक छोटा वाटेल, पण परिणाम मोठा आहे. पैसा प्रशिक्षणाच्या नावाने आला की "तुम्ही काय शिकवलंत?" असं विचारणारं कुणीतरी असतं. गाइडच्या प्रोजेक्टमधून आला की प्रश्न एकच राहतो, "पेपर कधी?"

करिअरचा प्रश्न इथेही धसाला लागला तो उशिराच. २०१२ मध्ये एनआयएचच्या समितीने मान्य केलं की पीएचडी होणाऱ्यांपैकी थोडेच प्राध्यापक होतात, आणि तरी सगळ्यांना त्याच एका साच्यातून काढलं जातं. जीवशास्त्रज्ञ शर्ली टिलघमन त्या समितीच्या सहअध्यक्षा होत्या. त्यातून २०१३ मध्ये बेस्ट नावाची योजना आली, १७ संस्थांना पैसे मिळाले. विद्यार्थ्यांना पीएचडी चालू असतानाच कंपनी, पेटंट, धोरण, विज्ञानलेखन, शिक्षण यांची तोंडओळख करून द्यायची, एवढाच हेतू. गाइड लोकांची भीती माधवकाकांसारखीच होती, की मुलांचं लक्ष उडेल. माझ्या डोळ्यांसमोर जी मुलं गेली त्यांच्यात उलट झालं. पुढे काय करायचं हे ज्याला माहीत होतं तो बेंचवर जास्त शांतपणे काम करायचा.

आणखी एक, आयडीपी, म्हणजे स्वतःच्या विकासाचा आराखडा. वर्षातून एकदा विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहायचं : मला काय येतं, काय येत नाही, कुठे जायचंय, त्यासाठी या वर्षी काय करू. मग गाइडसोबत तासभर बसायचं. २०१४ पासून एनआयएच प्रगती-अहवालात विचारते की तुम्ही हे वापरता का. कागद भरून टाकणारे लोक इथेही आहेत. पण माझ्या गाइडने तो तास दरवर्षी दिला, आणि त्या तासात डेटाबद्दल एक शब्द काढू दिला नाही.

काका, शेजारी उभं राहून शिकणं याला पर्याय नाही हे शंभर टक्के मान्य. प्रश्न असा की ज्याच्या शेजारी उभं राहायचं तो माणूसच चुकीचा निघाला तर? तुम्हाला चांगला गाइड मिळाला. सगळंच नशिबावर सोडायचं का?

भटक्या_लीड्स

ब्रिटनमधली छोटी भर. बीबीएसआरसी (जीवशास्त्राच्या संशोधनाला पैसे देणारी तिथली परिषद) हिच्या डॉक्टरल ट्रेनिंग पार्टनरशिपमध्ये तीन महिन्यांची प्लेसमेंट, म्हणजे बाहेर कुठेतरी काम, सक्तीची असायची, आणि ती स्वतःच्या संशोधनाशी संबंधित नसावी अशी अट होती. माझी मैत्रीण झाडांच्या बुरशीवर काम करायची, तिने तीन महिने शाळेच्या मुलांसाठी साहित्य तयार केलं. तिचा गाइड सुरुवातीला नाराज होता. परत आल्यावर तिने थिसिसची प्रस्तावना लिहिली ती पहिल्या मसुद्यातच पास झाली.

अक्षयतृतीया

आपल्याकडेही याच्या जवळचं काहीतरी आहे, फारसं कुणी बोलत नाही. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमधली मुलं अ‍ॅक्सिर या तिच्या अकादमीतून पीएचडी करतात, त्यांना सीएसआयआर-८०० नावाचं काम करावं लागतं. सहा ते आठ आठवडे ग्रामीण भागातला एखादा प्रश्न घ्यायचा. ८०० म्हणजे आर्थिक उतरंडीत खाली असलेले ८० कोटी भारतीय. मी विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर केलं होतं. गावातल्या आजी विचारायच्या, "मग पाणी प्यायचं का नाही ते सांग." पीपीएममध्ये उत्तर देऊन भागत नव्हतं. आपलं काम दुसऱ्याच्या भाषेत सांगायला मी तिथे शिकले, कुठल्याही सेमिनारमध्ये नाही.

रत्नागिरीची_मास्तरीण

मी कॉलेजात शिकवते आणि पार्ट-टाइम पीएचडी करतेय, सूक्ष्मजीवशास्त्रात. वर सगळे मोठ्या संस्थांबद्दल बोलताहेत, म्हणून विद्यापीठांतल्या आणि तालुक्याच्या कॉलेजांतल्या लोकांची बाजू मांडते.

यूजीसीचे २०२२ चे नियम मी बारकाईने वाचले, कारण माझ्यावर ते लागू होतात. किमान ३ वर्षं, कमाल ६. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीसमोर दर सत्रात उभं राहायचं. थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, ते फार बरं झालं. त्या सक्तीमुळे पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचं किती फावलं होतं हे आम्ही जवळून पाहिलंय. आणि त्याच नियमांत लिहिलंय की कुठल्याही विषयाच्या संशोधकाला शिकवण्याचं आणि लेखनाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. ही ओळ वाचून मी खूश झाले होते.

प्रत्यक्षात काय? संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचा आहे. आमच्याकडे तो दोन शनिवारांत उरकला. स्लाइडवर प्लेजरिझमची व्याख्या आणि खाली सह्यांचा कागद. फोटोशॉपमध्ये ब्लॉटचा कॉन्ट्रास्ट किती वाढवला तर चालतो, नको असलेला आकडा कधी वगळता येतो, पेपरवर नाव कुणाचं घालायचं, गाइडने स्वतःच्या मित्राचं नाव घालायला सांगितलं तर काय करायचं, यातलं काहीही नाही. नियम वाईट नाहीत. शिकवायला ज्यांना बसवतात त्यांना स्वतःला कुणी शिकवलेलं नाही, हे दुखणं आहे.

माझ्याकडे उणे ८० चा फ्रीझर नाही. नमुने थर्माकोलच्या डब्यात घेऊन एसटीने कोल्हापूरला जाते, तिथले एक सर मला त्यांच्या फ्रीझरमध्ये एक कप्पा देतात. एक कप्पा! त्याच्या जोरावर माझं काम चाललंय. ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांनी आमच्यासारख्यांना वर्षातून दोन आठवडे लॅबमध्ये घेतलं तरी पुष्कळ होईल.

वैदेही_ल

मास्तरीणबाई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. दोन आठवडे तर नक्की, आणि फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) वेळही काढून ठेवते. तुम्ही लिहिलेले ते चार प्रश्न मी आमच्या पुढच्या लॅब मीटिंगला जसेच्या तसे घेणार आहे.

निशिगंध_मुंबई

मी तो "बाकीच्यांतला" आहे ज्याच्याबद्दल वैदेहीताईंनी विचारलंय. इम्युनॉलॉजीत पीएचडी, दोन वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), आता मेडिकल रायटर. औषधाच्या चाचण्या संपल्या की त्यांचा सविस्तर अहवाल लागतो, नियामकांकडे जाणारी कागदपत्रं लागतात, ती आम्ही लिहितो.

लोकांना वाटतं विज्ञान सुटलं. सुटलं नाही. रोज टेबलं बघतो आणि कुठला आकडा दुसऱ्याशी जुळत नाही ते शोधतो. ही नजर पीएचडीतच आली. दुबळा पुरावा ओळखणं ही पीएचडीची सगळ्यात मोठी देणगी आहे, आणि मुलाखतीत ती सांगायची असते हे मला माहीत नव्हतं. मी बायोडेटात लिहिलं होतं : वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, फ्लो सायटोमेट्री. समोरची बाई म्हणाली, "हे आमच्याकडे कुणी करत नाही. तुम्ही आमच्यासाठी काय कराल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जे शिकलो नव्हतो ते म्हणजे ठरलेल्या तारखेला काम संपवणं, माझ्या मसुद्यावर आठ लोकांच्या सूचना राग न येता घेणं, आणि चाचण्यांच्या जगाची साधी ओळख. आपल्याकडे माणसांवरची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे. २०१९ मध्ये नवे नियम आले. आठ वर्षं जैववैद्यकीय संशोधनात घालवून हे मी नोकरी लागल्यावर ऐकलं. माझी पीएचडी एका औषधाच्या परिणामावर होती! ते औषध माणसापर्यंत कसं पोचतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पेटंटकडेही बघा. विज्ञानाची पदवी असली की पेटंट एजंटच्या परीक्षेला बसता येतं, वकिलीची पदवी लागत नाही. माझा एक मित्र थिसिस लिहिता लिहिता बसला आणि पास झाला.

आणि सगळ्यात जड गोष्ट. मी लॅब सोडतोय हे सांगायला गाइडकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्यावर घेतलेली मेहनत वाया गेली." सहा वर्षं झाली, वाक्य अजून टोचतं. गाइड मंडळी हे वाचत असतील तर एवढंच मागणं आहे. हे वाक्य कुणाला म्हणू नका.

माधवकाका

निशिगंध, तुझा प्रतिसाद वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. मी हे वाक्य बोललो आहे. १९९४ साली, एका हुशार मुलाला. त्याने लस बनवणाऱ्या कंपनीत जायचं ठरवलं होतं. आज त्याच्या हाताखालून किती बालकांपर्यंत लस गेली असेल याचा हिशोब मला करता येणार नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी फोन करतो.

प्रश्नाशी लग्न हे माझं मत बदललेलं नाही. पण उत्तराताईंचा मुद्दा पटला. मला चांगला गाइड मिळाला हे माझं कर्तृत्व नव्हतं.

सांगलीकर_बाबा

मी या क्षेत्रातला नाही, माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मुलगी एमएस्सी बायोटेक झाली, नेट-जेआरएफ मिळाली, आता गाइड शोधतेय. धागा पहिल्यापासून वाचला, निम्मे शब्द तिला विचारावे लागले. मला एकच सांगा, गाइड चांगला आहे हे आधी ओळखायचं कसं? मोटार घेताना आम्ही वायंडिंग उघडून बघतो. इथे काय उघडून बघायचं?

वैदेही_ल

बाबा, तुमचा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या लेखांपेक्षा नेमका आहे. उघडून बघता येतं.

शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे, भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. गाइडच्या नावाने शोधा. किती जणांचं पूर्ण झालं आणि साधारण किती वर्षं लागली ते दिसेल. मग ते विद्यार्थी आज कुठे आहेत ते शोधायला लेकीला सांगा. गाइडना थेट विचारलं तरी चालेल. प्रत्येकाचं नाव आणि ठिकाण जो पटापट सांगतो तो मुलांना विसरलेला नसतो. त्यांच्या पेपरमध्ये पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का ते बघावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या मुलांशी लॅबबाहेर बोलावं, कॅन्टीनमध्ये, गाइड नसताना. "सर कसे आहेत?" असं विचारायचं नाही, सगळे चांगलेच सांगतात. "शेवटचा प्रयोग फसला तेव्हा मीटिंगमध्ये काय झालं?" असं विचारायचं. उत्तर द्यायच्या आधी ती मुलं एकमेकांकडे बघतात का, तेही बघायचं.

सह्यकडा

आणि फेलोशिप अडकली तर लॅबमध्ये कुणाला सांगायचं, हे पण विचारायला सांगा बाबा.

उत्तरा_सातासमुद्रा

तिला सांगा, शक्य असेल तिथे आधी सहा महिने प्रोजेक्टवर काम करायचं का ते विचारावं. आपल्याकडे रोटेशन सगळीकडे नाही, पण हे त्याच्या जवळ जातं.

सांगलीकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. लेकीने तीन लॅबना मेल केल्या. एकाचं उत्तर नाही. दुसऱ्यांनी बायोडेटा पुन्हा मागितला. तिसऱ्या मॅडमनी लिहिलं, "गुरुवारी आमच्या लॅब मीटिंगला येऊन बस. नंतर मुलांसोबत चहाला जा, मी त्या वेळी क्लासमध्ये असेन." ती बुधवारी रात्रीच्या एसटीने पुण्याला निघतेय. प्रयोग फसल्याचा प्रश्न तिने पाठ केलाय.